दिवसाढवळ्या दिवा

"अहो, आठची बस गेली," दारात उभी राहून लता म्हणाली.

"जाऊ दे की. बसनं कशाला जायचंय?" मोटारसायकलच्या सीटखाली डोकं घातलेल्या रंगनाथने तिथूनच उत्तर दिलं. "एक बस सीबीएसला सोडणार, दुसरी नाशिकरोडला, आणि तिसरी कधी येईल ते तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. आपण इथून निघालो की थेट एकलहरे. दोनच बोल्ट राहिलेत."

हे दोन बोल्ट काल संध्याकाळीही दोनच राहिले होते. लताने हातातली फाईल दुसऱ्या हातात घेतली आणि इस्त्रीच्या साडीला भिंतीचा चुना लागू नये म्हणून एक पाऊल पुढे सरकली. आज तिची मुलाखत होती. डी.एड. होऊन चार वर्षं झाली तरी तिला कायमची जागा मिळाली नव्हती. एखादी शिक्षिका बाळंतपणाला गेली की लताला बोलावणं यायचं, आणि ती बाई रजा संपवून हजर झाली की लता घरी. सातपूरपासून पंचवटीपर्यंतच्या बायकांच्या बाळंतपणांवर तिची नोकरी चालली होती. शेजारच्या सुलाबाई म्हणायच्या, "लता, तुझ्याइतकी वाट त्या पोरींच्या सासवाबी बघत नाय गं." आता एकलहऱ्याच्या वाटेवरच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवायची जागा निघाली होती. कायमची. मुलाखत अकराला होती आणि उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही, असं आधीच कळवलेलं होतं.

रंगनाथ गांगुर्डे सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. माणूस गुणी, निर्व्यसनी आणि बायकोवर जीव टाकणारा. पण चालू असलेली वस्तू त्याला बघवत नसे. पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केल्यापासून तर घरातल्या एकाही यंत्राला स्वस्थता मिळाली नव्हती. त्याने दारावर गाणारी घंटा बसवली होती. ती दूधवाल्याने दाबली की गायची, आणि सुलाबाईंनी मोरीतला दिवा लावला तरी गायची. तशात चुकीची गोष्ट ऐकली की त्याला राहवत नसे. लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवाल्याने वायर उलटी जोडली म्हणून हा नवरदेव मंगलपरिणयाच्या मध्येच उठून गेला होता.

या खेपेला पाळी मोटारसायकलची होती. रंगनाथने हौसेने जीपचा मोठा बल्ब तिच्या दिव्यात टाकला होता. एवढा करंट हँडलवरच्या चिमुकल्या बटणाला झेपत नाही, म्हणून सातपूरच्या भिकन मिस्त्रीने मध्ये एक रिले बसवून दिला होता. रिले म्हणजे काडेपेटीएवढा डबा. बटण दाबलं की डब्यातली पट्टी 'टक्' करून चिकटते आणि मोठा दिवा लागतो. हल्ली ती पट्टी अधूनमधून अडकत होती.

"नवा रिले टाका ना भाऊ," भिकन म्हणाला होता. "साऱ्या जगाच्या गाड्या त्याच्यावर चालतात."

"अरे, पण त्यात पट्टी हलते. हलणारी वस्तू झिजणारच. मी ट्रान्झिस्टर टाकतो. त्यात काहीच हलत नाही."

"काहीच हलत नाय? मग चालतो कसा?"

या प्रश्नाचं उत्तर रंगनाथने इतकं सविस्तर दिलं की भिकनने दुकान जेवणासाठी एक तास आधीच बंद केलं.

ट्रान्झिस्टर म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे, त्याच्या पोटात असतो तो. पण हा चांगला मोठा, लाडूएवढ्या पोलादी टोपीचा. एका मित्राने तो मुंबईहून आणून दिला. पुडीत त्याच्यासोबत प्लॅस्टिकच्या दोन बारीक नळ्या आणि एक पातळ, पारदर्शक पापुद्रा निघाला. नळ्या पार्टसारख्या दिसत होत्या, म्हणून रंगनाथने जपून ठेवल्या. पापुद्रा मिठाईवरच्या कागदासारखा दिसत होता, तो त्याने फुंकरीने उडवून दिला. रविवारी दिवसभर टेबलावर जोडणी चालली. बटण दाबलं की बल्ब लागत होता, सोडलं की विझत होता. लताला चुलीपुढून उठवून उठवून त्याने ते दाखवलं, आणि आत काय चाललंय तेही सांगितलं. लता पोळ्या लाटत 'हं' म्हणत राहिली.

आता तोच ट्रान्झिस्टर, बोल्टांवर त्या दोन नळ्या चढवून, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आणि पत्रा गाडीच्या सांगाड्यावर, असा पक्का बसला. सीटखाली हत्यारांची जागा होती, ती त्यात गेली. हत्यारं घरातच राहिली. रंगनाथने कारखान्याचा खाकी शर्ट झटकला, कारण दुपारी त्याला तसंच पाळीवर जायचं होतं, आणि किक मारली.

"जयभीम भाऊ!" पाण्याची घागर घेऊन येणाऱ्या सुलाबाई म्हणाल्या, आणि मोकळ्या हाताची मूठ उघडून मिटून दाखवली. "लाईट चालू हाय."

रंगनाथने बटण बंद केलं. लाईट चालूच. त्याने बटण चालू करून बंद केलं. लाईट ढिम्म जळत राहिला.

"एक मिनिट हं," म्हणून तो उतरायला लागला.

"उतरू नका," लता मागच्या सीटवर बसत म्हणाली. "उजेड आहे म्हणून कुणी मुलाखत नाकारत नाही. चला."

त्र्यंबक रोडला लागल्यावर मात्र उजेडाची किंमत कळायला लागली. नाशिकचा माणूस तसा दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही. पण दिवसा कुणाच्या गाडीचा दिवा जळताना दिसला, की तो त्याला सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. त्यासाठी ओळख लागत नाही, थांबावंही लागत नाही. समोरून येता येता हात वर करायचा आणि मूठ दोनदा उघडून मिटायची. दुसऱ्याची बॅटरी वाचवल्याचं पुण्य दिवसभर पुरतं. आणि ही वेळ कारखाने भरायची होती. सगळं सातपूर सायकलींवरून रंगनाथच्या समोर येत होतं.

पहिल्या दहाबारा जणांना रंगनाथने मान हलवून धन्यवाद दिले. पुढच्यांना तो "हो, हो" म्हणाला. मग "माहीत आहे" म्हणायला लागला. रस्ताभर मुठी उघडत मिटत होत्या. डबे लटकवलेले कामगार, एक हात सोडून सायकल चालवणारे कॉलेजकुमार, टेंपोतून मेंढ्या नेणारा एक म्हातारा, सगळे. एकाने तर मूठ दाखवल्यावर यांनी दिवा खरंच विझवला का, हे बघायला मान मागे वळवली आणि तो काकड्यांच्या हातगाडीवर जाऊन आदळला. हातगाडीवाल्याने आधी मूठ मिटून रंगनाथला खूण केली, मगच सायकलवाल्याची गचांडी धरली.

"माहीत आहे हो! माहीत आहे!" रंगनाथ आता ओरडत होता.

"त्यांच्यावर काय ओरडता? चांगल्यासाठीच सांगतायत ना?" लता म्हणाली.

"एवढ्या लोकांनी चांगलं चिंतल्यावर माणूस वेडा होईल!"

शरणपूरच्या पुढे मागून एक स्कूटर हॉर्न वाजवत आली. कितीतरी वेळ ती पाठलाग करत होती. शेवटी सीबीएसजवळ टोपी घातलेल्या एका गृहस्थाने ती आडवी घालून यांना थांबवलं.

"काय हो, केव्हाचा हॉर्न देतोय! लाईट चालू आहे तुमचा."

"माहीत आहे."

"मग बंद करा की."

"होत नाही."

"होत नाही म्हणजे? बटण दाबायचं," असं म्हणून गृहस्थांनी स्वतःच बटण दाबून बघितलं. मग त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या पानवाल्याने दाबलं. मग एका रिक्षावाल्याने जरा जोर लावून दाबलं. बघता बघता दहा माणसं जमली आणि प्रत्येकाला वाटत होतं की आधीच्याला नीट दाबता आलं नाही. एवढ्यात इंजिन खोकायला लागलं. दिवा बॅटरी पीत होता. गाडी हळू झाली की बॅटरीला मिळायचं कमी आणि जायचं जास्त.

"लता, घट्ट बस!" रंगनाथ ओरडला. "आता थांबायचं नाही. थांबलो तर बंद पडेल आणि पुन्हा सुरू होणार नाही."

"बल्ब काढा ना त्यापेक्षा!"

"स्क्रूड्रायव्हर घरी आहे."

"आणि तो करंट तपासायचा मीटर?"

"मीटर आहे. खिशात आहे."

लताने फाईल पोटाशी धरली आणि मनातल्या मनात समास सोडवायला लागली.

द्वारकेच्या चौकात रंगनाथ अचानक "अरे!" करून ओरडला. लताला वाटलं, टायर गेला.

"अभ्रक होता तो!" त्याचा चेहरा फुलला होता. "इस्त्रीत असतो ना, तो अभ्रक! पुडीतला पापुद्रा! मी पॅकिंग म्हणून उडवून दिला. अगं, या ट्रान्झिस्टरचं अंगच एक टोक असतं. ते गाडीच्या लोखंडाला भिडलं की दिवा कायमचा चालू. बटणाला कोण विचारतो? मध्ये अभ्रक हवाच! टेबलावर तो लोखंडाला भिडलाच नव्हता, म्हणून चालला. किती सोपं आहे!"

"मग आता बंद होईल?"

"नाही, पण कारण कळलं ना!"

लताच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने आलं असेल, असं रंगनाथला वाटलं.

"नुसता कागद घातला तरी चालेल," तो खुशीत पुढे म्हणाला. "बसच्या तिकिटाएवढा. तिकीट आहे का एखादं?"

"बसनं गेलो असतो तर असतं," लता म्हणाली.

इथपर्यंत जे झालं त्याला निदान रंगनाथ जबाबदार होता. पुढे जे झालं त्यात त्याचा दोष एवढाच की त्याने खाकी शर्ट घातला होता. त्या दिवशी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मंत्री यायचे होते. नाशिकरोडपासून पुढे सगळ्या वाटेवर पोलीस सकाळपासून उन्हात उभे होते. मंत्र्यांच्या ताफ्यापुढे फटफटी असते, तिच्यावर खाकी कपड्यातला माणूस असतो आणि तिचा दिवा भरदिवसा चालू असतो, एवढी खूण प्रत्येकाला सांगितलेली होती.

बिटको चौकातल्या हवालदाराने लांबून दिवा पाहिला, त्याखाली खाकी पाहिलं आणि जोरात शिट्टी फुंकली. चारी बाजूंची वाहतूक जागच्या जागी थांबली. ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. एक बैलगाडी अर्ध्या रस्त्यातून मागे घेतली गेली. मोकळ्या चौकातून रंगनाथ आणि लता एकटेच निघाले. हवालदाराने खाडकन सलाम ठोकला, तेव्हा त्याला मागच्या सीटवरची बाई, तिची फाईल आणि फुलाफुलांची साडी दिसली. पण सलाम अर्ध्यातून मागे घेता येत नाही. शिवाय त्याची शिट्टी ऐकून पुढच्याने शिट्टी फुंकली होती आणि पुढच्याची ऐकून त्याच्या पुढच्याने.

"अहो, हे आपल्याला सलाम का करतायत?"

"मला काय माहीत! पण मुठी तरी दाखवत नाहीत ना," रंगनाथ म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटत होतं.

शाळा रस्त्यालगतच होती. शाळेची दोन-तीनशे पोरं हातात रंगीत कागदाच्या पताका घेऊन रांगेत उभी होती. पुढे संस्थेचे अध्यक्ष जयरामआप्पा फेटा बांधून, हातात झेंडूचा जाड हार धरून उभे होते. शिट्ट्या जवळ आल्या, वळणावर दिवा दिसला, आणि ड्रिलचे मास्तर गोरक्षसर यांनी हात खाली केला. ढोल वाजायला लागला. पोरांनी "मंत्रीसाहेबांचा विजय असो!" म्हणून आरोळी दिली. इतकी जोरात दिली की रंगनाथने दचकून गाडी हळू केली, आणि हळू होताच ती आचके देत आप्पांच्या बरोबर समोर बंद पडली. आप्पांना कमी दिसायचं. समोर येऊन थांबलं त्याच्या गळ्यात त्यांनी हार घातला.

मग त्यांनी मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"मागं गाडी कुठं हाय?"

"कुठली गाडी?" हारातून तोंड बाहेर काढत रंगनाथने विचारलं.

"मंत्र्याची!"

"आम्ही मुलाखतीला आलोय," लता खाली उतरून म्हणाली. "लता गांगुर्डे. मराठीच्या जागेसाठी."

ढोल एकदा वाजला आणि थांबला. आप्पांनी हार परत काढून घेतला. त्यातली चार फुलं गळाली, ती उचलून आत खोचायचा प्रयत्न केला आणि ती पुन्हा गळाली तेव्हा आप्पांचा संताप बाहेर पडला.

"काय हो बाई, लाजबीज? हार नासला, पोरांची आरोळी वाया गेली. आता मंत्री आले का वरडतील का ती? घसा हाय का मशीन? मुलाखतबिलाखत काय नाय. बाकीचे दोन उमेदवार आलेत आमच्याकडं, गपगुमान बसलेत व्हरांड्यात. तुम्ही निघा."

"गाडी सुरू होत नाही," रंगनाथ म्हणाला.

"मग ढकला!"

रंगनाथने लताकडे पाहिलं. रडली असती तर त्याने समजूत घातली असती. रागावली असती तर ऐकून घेतलं असतं. ती नुसती रस्त्याकडे बघत उभी होती. गाणारी घंटा, रविवारचं टेबल, तो पापुद्रा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. या बाईने चार वर्षं वाट पाहिली आणि आपण दोन बोल्टांपायी तिची जागा घालवली, असं त्याला आतून वाटलं.

इकडे पोरांचा धीर सुटला होता. सकाळपासून उन्हात उभी राहिलेली पोरं रांग मोडून गाडीभोवती गोळा झाली. गोरक्षसरांच्या शिट्टीला आता कुणी भीक घालत नव्हतं. चावी अजून चालूच होती, त्यामुळे दिवा पिवळा पिवळा जळत होता. साहजिकच सगळ्यांनी मुठी उघडून मिटून दाखवल्या.

"लाईट चालू हाय! लाईट चालू हाय!"

रंगनाथने कानांवर हात ठेवले. पण लता एकदम वळली.

"हो, चालू आहे," ती म्हणाली. "का चालू आहे, ठाऊक आहे का कुणाला? सांगू? मग आधी त्या लिंबाच्या सावलीत बसा. लहान पुढे, मोठे मागे. पताका मांडीवर."

आणि पोरं बसली. गोरक्षसर तोंडातली शिट्टी हातात घेऊन बघत राहिले.

वीज केंद्राकडे सायकलवरून निघालेल्या एका कामगाराकडून रंगनाथने स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि गाडी सावलीत ढकलून सीट उघडली. लताने आत पाहिलं. ट्रान्झिस्टर ज्या पत्र्यावर बसला होता, तो म्हणजे तिच्या डाळीच्या पातेल्याचं झाकण होतं. शुक्रवारपासून ती ते शोधत होती. मग तिने ते पोरांना दाखवलं.

"हे झाकण. ते यातली उष्णता शोषायला बसवलंय," ती म्हणाली. "आणि ही वरची टोपी म्हणजे ट्रान्झिस्टर. समजा, आपल्या शाळेचं मोठं फाटक आहे. ते उघडायला पहिलवान लागतो. पण पहिलवानाला सांगायला कोण पुरे? एखादी पहिलीतली मुलगीसुद्धा. ती नुसती 'उघड' म्हणाली की पहिलवान फाटक उघडतो. गाडीचं बटण म्हणजे ती मुलगी, आणि हा पहिलवान."

रविवारी पोळ्या लाटताना म्हटलेल्या प्रत्येक 'हं'मध्ये ती ऐकत होती, हे रंगनाथला तेव्हा कळलं. त्याला इतका आनंद झाला की तो स्क्रू फिरवायचं विसरला. पोरं हसत होती, विचारत होती, लता उत्तरं देत होती. हार सांभाळत बसलेले आप्पाही खुर्ची हळूहळू पुढे ओढत होते.

"याला तीन टोकं असतात," लता सांगत होती. "बेस, एमिटर आणि कलेक्टर. दोन पाय खाली आहेत. आणि तिसरं टोक म्हणजे हे पोलादी अंग. हा एमिटर."

रंगनाथच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. अंग म्हणजे एमिटर नव्हे, कलेक्टर! तो ताडकन उठला. तोंड उघडलं. मग पोरांसारखाच त्याने हात वर केला.

"मागचे उंच, खाली बसा," लता म्हणाली. "मध्ये बोलायचं नाही."

सगळी पोरं मागे वळून हसली. रंगनाथ खाली बसला, पण त्याला स्वस्थ बसवेना. या मांडीवरून त्या मांडीवर, कलेक्टर, कलेक्टर, असं त्याचं चाललं होतं. शेवटी लताने एका पताकेचा तुकडा फाडून त्याच्या हातात दिला. त्याने तो टोपीखाली सारला, बोल्ट आवळले. लताने पुढच्या रांगेतल्या एका मुलीला बटण दाबायला बोलावलं. दिवा विझला. दाबलं, लागला. पुन्हा विझला. पोरांनी टाळ्या पिटल्या, त्यात आप्पांचीही एक होती.

"मग दिवसा दिवा जळताना दिसला, तर काय झालं असेल?"

"कागद ऱ्हायला आसंल!" सगळे एका सुरात ओरडले.

आणि नेमक्या त्याच वेळी वळणावर दिवा दिसला. या खेपेला खरी फटफटी होती, तिच्यामागे जीप, जीपमागे पांढरी मोटार, आणि सगळ्यांचे दिवे भर उन्हात चालू होते. गोरक्षसरांनी शिट्टी फुंकायच्या आत पोरं रस्त्याकडे धावली. पताका कुणाच्याच हातात नव्हत्या. तीनशे मुठी उघडत मिटत होत्या आणि पोरं जिवाच्या आकांताने ओरडत होती, "साहेब, कागद घाला! साहेब, कागद घाला!"

आप्पांना घाम फुटला. मंत्री या वाटेने याआधीही गेले होते, पण त्यांच्या गाडीची काच कधी खाली झाली नव्हती. आज गाडी थांबली. काच खाली आली. आतून एक हात बाहेर आला आणि हसत हसत त्याने पोरांकडे पाहून मूठ उघडली, मिटली. आप्पांनी संधी साधून फुलं गळालेला हार खिडकीतून मंत्र्यांच्या गळ्यात घातला.

"पोरं चुणचुणीत आहेत. काय म्हणतायत?" मंत्र्यांनी विचारलं.

"विज्ञान शिकत्यात साहेब," आप्पा म्हणाले.

"वा!" काच वर गेली. ताफा धूळ उडवत निघून गेला.

मुलाखती साडेबाराला झाल्या. व्याकरणाची जय्यत तयारी करून आलेले ते दोघे आधी आत जाऊन आले. मग आप्पांनी स्वतःहून लतालाही आत बोलावलं. रंगनाथ व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. आतून काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने गोरक्षसर दारात आले.

"आप्पा तुम्हाला बोलावतायत."

आत लता खुर्चीवर बसली होती आणि टेबलापलीकडे आप्पा.

"पाव्हणं, तुम्ही कारखान्यातली माणसं," आप्पा म्हणाले. "आमच्या कमिटीतले वीज केंद्राचे इंजिनेरसाहेब मंत्र्याच्या मागं गेलेत, आमच्यात दुसऱ्या कुणाला यातलं कळत नाय. बाई शिकवतात लय झ्याक. पण एक इचारतो, खरं सांगा. बाईंनी पोरांना सांगितलं ते समदं बरोबर हाय? कारण चुकीचं शिकवणारा मास्तर मी ठेवत नाय. मागच्याला त्याच्यापायीच घालवला."

रंगनाथने लताकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. त्याच्या जिभेवर कलेक्टर उभा होता. मांडवातून उठून गेलेला हा माणूस. उलटी वायर, चुकीचा नंबर, खोटा रंग, कशालाच त्याने आजवर सोडलं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"समदं?"

"सगळं."

"मग लिहा, गोरक्षसर," आप्पा म्हणाले. "सोमवारपासून. मराठी, आन् विज्ञानबी."

परतीच्या वाटेवर, पोरांनी ढकलून सुरू करून दिलेल्या गाडीचा दिवा विझलेला होता आणि रस्त्यात कुणीही काहीही सांगत नव्हतं. नाशिकरोड ओलांडल्यावर लताने मागून विचारलं, "तो एमिटर नव्हता ना?"

"कलेक्टर!" रंगनाथ इतक्या जोरात म्हणाला की शेजारचा सायकलवाला दचकला. "अंग म्हणजे कलेक्टर असतो, लता!"

"माहीत आहे मला. रविवारी दहा वेळा सांगितलंत. पोरांसमोर तोंडातून उलटं गेलं, मग मागं कसं घ्यायचं? तुम्ही मागं बसून कसे तळमळत होता, ते दिसत होतं."

"मग आता सोमवारी?"

"त्याचं काय? सगळे मास्तर करतात तेच करायचं. म्हणायचं, मुलांनो, त्या दिवशी मी मुद्दाम एक चूक केली होती. कुणाच्या लक्षात आली?"

रंगनाथने गाडी जरा हळू केली.

"आणि कुणाच्याच आली नसेल तर?"

"तर सांगेन," लता त्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली, "एकाच्या आली होती, पण तो माझ्यासाठी गप्प बसला."